चेक इंजिनचा दिवा आणि स्कॅनरचा कागद: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात बॅटरीविषयी लिहिताना चेक इंजिनच्या पिवळ्या दिव्याचा उल्लेख ओघात आला आणि पत्रं आली ती सगळी त्या दिव्यावरच. कुणी स्कॅनरच्या (गाडीच्या कंप्युटरमधले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्राच्या) कागदाचा फोटो पाठवलाय, कुणी गॅरेजचं बिल. एका गृहस्थांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून विषय संपवल्याचं कळवलंय; त्यांनी निदान खालचा दुसरा प्रश्न वाचावा. माझं गॅरेज कराडला हायवेला लागून आहे, त्यामुळे घाट उतरून आलेल्या आणि दिवा घेऊन आलेल्या गाड्यांची मला सवय आहे. पत्रं आटोपशीर केली आहेत. गाड्यांची नावं मुद्दाम गाळली, कारण ही दुखणी कुठल्या एका कंपनीची नाहीत.

प्रश्न: माझी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पुण्याहून येताना खंबाटकी घाटात गाडी ओढेना, दुसऱ्या गिअरवरसुद्धा दम लागल्यासारखी चालली आणि दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला आणि ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणून तो बदलला. साडेपाच हजार झाले. आठवड्याभरात दिवा परत. कागदावर पी ०१७१ लिहिलंय. आता म्हणतात, गाडीत असा अजून एक सेन्सर असतो, तोही बदलून बघू. बदलू का? — एक शिक्षिका, सातारा

उत्तर: नका बदलू, मॅडम. बहुतेक तुमचा पहिला सेन्सरही धडधाकट होता.

पी ०१७१ हा कोड अक्षर-अक्षर सोडवून बघू. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचं खातं. 'सी' असेल तर ब्रेक-स्टिअरिंगसारख्या चॅसीच्या गोष्टी, 'बी' असेल तर एअरबॅग, काचा, दरवाजे, आणि 'यू' असेल तर गाडीतल्या कंप्युटरांचं आपसातलं बोलणं बंद पडलंय. पुढचं शून्य सांगतं की हा कोड सगळ्या कंपन्यांत सारखा आहे. तिथे एक असता तर तो त्या कंपनीचा खाजगी कोड, त्याचा अर्थ कंपनीच्या पुस्तकातच बघावा लागतो. गूगलवर भलत्या गाडीचा अर्थ वाचून लोक फसतात ते इथेच. तिसऱ्या जागी एक किंवा दोन आला की इंधन आणि हवेचा मामला, तीन म्हणजे ठिणगी आणि मिसिंग (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), चार म्हणजे धुरावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा, सहा म्हणजे खुद्द कंप्युटर आणि त्याच्या वायरी. उरलेले दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात.

तुमची तक्रार अशी: मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. हे कंप्युटरला कळलं कसं? धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरने सांगितलं. त्याने आपलं काम चोख केलं आणि बदली झाली त्याचीच! कोड म्हणजे एफआयआर समजा. तक्रार कुणी केली आणि कशाबद्दल केली एवढंच त्यात असतं, आरोपी तपासानंतर ठरतो. सेन्सरच बिघडला असता तर कोड निराळे येतात. पी ०१३० आला की त्याच्या सर्किटमध्ये गडबड, पी ०१३५ आला की त्याच्या आतला हीटर गेला.

आता तपास. कोड नोंदवताना कंप्युटर त्या क्षणाची परिस्थितीही साठवतो: आरपीएम किती, गाडीचा वेग किती, इंजिनवर लोड किती, पाणी किती गरम. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. गॅरेजवाल्याने कोड डिलीट मारला की ही नोंदही जाते, म्हणून तुमची पहिली फ्रेम गेली. दिवा पुन्हा लागलाय म्हणजे नवी साठली असेल. कुणी कोड उडवायच्या आधी ती बघायला लावा आणि तिचा मोबाईलवर फोटो काढून घ्या.

फ्रेममध्ये आरपीएम आठशेच्या आसपास आणि गाडी उभी असेल तर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांमध्ये, कुठूनतरी चोरून हवा शिरतेय का ते बघायचं. एअर फ्लो मीटर असलेल्या गाडीत हे फार होतं, कारण मीटरच्या पुढून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत मात्र मीटरऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्या गाड्यांत फुटलेल्या पाइपने मिश्रण पातळ होण्यापेक्षा आयडलिंग वाढतं, म्हणून तिथे पाइप शोधत बसण्यात दिवस घालवू नये.

तुमची गाडी घाटात, लोडवर गळाली. मला वाटतं फ्रेममध्ये तीन हजारांच्या पुढचे आरपीएम आणि भरपूर लोड दिसेल. तसं असेल तर पेट्रोल कमी पडतंय. त्याची खूण फ्युएल ट्रिममध्ये दिसते. कंप्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो हा आकडा. शून्याच्या अलीकडे-पलीकडे असला की ठीक, अधिक दहाच्या वर सतत राहिला की कान टवकारायचे. कंप्युटर वीस-पंचवीस टक्के वाढवूनही हिशोब जुळेना, की मग तो हात टेकतो आणि पी ०१७१ टाकतो. स्कॅनर लावून गाडी चालवायची: आयडलिंगला ट्रिम बरी आणि चढावर वाढत गेली तर पंप, फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर ह्या बाजूला जायचं.

मेकॅनिकला फ्युएल रेलवर प्रेशर गेज लावायला सांगा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत तीन ते चार बारच्या मधलं प्रेशर लागतं, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलात मिळेल. आयडलिंगला बरोबर आणि रेझ केल्यावर पडत असेल, तर लगेच पंप बदलू नका. मागची सीट उचलली की टाकीवर पंपाचं कपलर असतं. पंप चालू असताना तिथे मल्टीमीटर लावा. बॅटरीवर पावणेचौदा व्होल्ट आणि पंपावर अकरा दिसले तर मधले पावणेतीन व्होल्ट कुठेतरी गळताहेत: रिलेचे पॉइंट काळे पडलेत, कपलरची पिन तापून सैल झालीय किंवा अर्थिंगचा बोल्ट गंजलाय. दोनशे रुपयांच्या कामाला अख्खा पंप बसवलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. व्होल्टेज पूर्ण येत असेल तरच पंप आणि त्याच्या तळाची जाळी. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण टाकीतल्या पेट्रोलनेच तो थंड राहतो.

आणि दिवा आठवड्याने का आला? कोड उडवला की कंप्युटर शिकलेलं विसरतो, ट्रिम पुन्हा शून्यापासून चढायला लागते. शिवाय असे बरेचसे दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय तो दिवा लावत नाही. तेवढे दिवस गाडी 'दुरुस्त' असते.

प्रश्न: दिवा कधी नुसता लागून राहतो, कधी लुकलुकतो. कुंभार्ली घाट चढून जायचं असतं. थांबायचं की जायचं? — चिपळूण

उत्तर: स्थिर पिवळा दिवा, गाडी नेहमीसारखी चालतेय, टेम्परेचर आणि ऑइलचे लाल दिवे बंद: जा, पण आठवड्याच्या आत दाखवा. लुकलुकत असेल आणि इंजिन थरथरत असेल तर गाडी बाजूला घ्या. जोरदार मिसिंग चालू आहे, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय आणि आतला मधमाशीच्या पोळ्यासारखा भाग वितळायला लागतो. प्लग किंवा कॉइल बदलायच्या खर्चाच्या जागी कन्व्हर्टरचा खर्च बसतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर लुकलुकणं थांबलं तरी घाट चढू नका. कोड बहुधा पी ०३०० ते पी ०३०४ मधला निघेल. शेवटचा आकडा सिलिंडरचा, शून्य असेल तर मिसिंग एका जागी बसलेलं नाही.

एका सिलिंडरचा कोड असेल तर सोपी युक्ती आहे. समजा पी ०३०२ आहे. दोन नंबरची कॉइल तीन नंबरला लावा, तीनची दोनला. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल गेली. जागचा हलला नाही तर कॉइल निर्दोष, मग प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन अशा क्रमाने.

प्रश्न: माझी डिझेल एसयूव्ही अचानक पिकअप घेईना, दीड हजाराच्या वर आरपीएम जाईना. एसीही बंद. स्कॅनरवर एकदम पाच कोड आले: पी ०६४२, पी ०१९२, पी ०२३७, पी २१२२, पी ०५३२. गॅरेजवाला म्हणतो, इतके सेन्सर एकदम जात नाहीत, म्हणजे ईसीएमच उडालाय. अडतीस हजार सांगितलेत. त्याआधी पंधरा दिवस पुढे फॉग लॅम्प बसवले होते, तेव्हापासून कधीतरी झटका खायची. — शेतकरी, बार्शी

उत्तर: तुमच्या गॅरेजवाल्याचं अर्धं वाक्य अगदी बरोबर आहे. पाच सेन्सर एकदम जात नाहीत. पण तेवढ्यावरून ईसीएमवर, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरवर, जायचं कारण नाही.

तुमचे कोड शेजारी-शेजारी मांडून वाचा. पी ०१९२ म्हणजे डिझेल रेलच्या प्रेशर सेन्सरचं व्होल्टेज कमी. पी ०२३७, टर्बोच्या बूस्ट सेन्सरचं कमी. पी २१२२, ॲक्सिलरेटर पेडलच्या एका सेन्सरचं कमी. पी ०५३२, एसीच्या गॅस प्रेशर सेन्सरचं कमी. सगळे कमी! आणि या सगळ्यांचा खुलासा करणारा कोड यादीत पहिलाच आहे. पी ०६४२ म्हणजे सेन्सरांना पुरवायचं रेफरन्स व्होल्टेज कमी.

ईसीएम बॅटरीच्या बारा व्होल्टमधून नेमके पाच व्होल्ट तयार करतो आणि एकाच वायरीवर तीन-चार सेन्सरांना वाटतो. त्यातल्या एका सेन्सरने आतून शॉर्ट मारला, किंवा ती वायर कुठे सोलून बॉडीला लागली, की पाचाचं पाऊण होतं आणि त्या वायरीवरचे सगळे सेन्सर एकदम आजारी दिसतात. पेडलला मात्र दोन सेन्सर असतात आणि ते सहसा वेगवेगळ्या पाच व्होल्टवर चालतात, म्हणून एक मेला तरी गाडी रांगत का होईना घरी पोचली. तुमच्या गाडीचं दीड हजाराच्या वर न जाणं म्हणजे लिंप मोड. ईसीएमने जाणूनबुजून लावलेला लगाम. मेलेला ईसीएम लगाम लावत नाही. आणि एसी बंद पडला तोही याच हिशोबात बसतो, गॅसचं प्रेशर कळत नाही म्हणून कंप्युटर कॉम्प्रेसर लागूच देत नाही.

हे तपासायला स्कॅनर नको, मल्टीमीटर पुरे. चावी ऑन, इंजिन बंद. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला. यादीतल्या ज्या सेन्सरपर्यंत हात सहज पोचतो त्याचं कपलर मागून उघडं करून पाच व्होल्टच्या पिनवर लाल तार. आता मीटरवर पाचऐवजी समजा ०.८ दिसतंय. मीटर तसाच ठेवून दुसऱ्या माणसाने एकेका सेन्सरचं कपलर काढत जायचं. बूस्ट सेन्सर काढला, ०.८. रेलचा काढला, ०.८. एसीचा काढला आणि मीटर टपकन पाचवर गेला, तर चोर तिथे. पुन्हा लावून बघायचं, पुन्हा पडला की नक्की. सगळे काढूनही पडलेलाच राहिला तर दोष हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडीत. मग बॅटरी सोडायची, ईसीएमचं कपलर काढायचं आणि त्या वायरीचा बॉडीशी संबंध आहे का ते ओहममध्ये मोजायचं. संबंध नाही, वायर स्वच्छ, आणि रिकाम्या कपलरलाही ईसीएम पाच व्होल्ट देत नाही, असं निघालं तर मग ईसीएमचं नाव घ्या.

माझा संशय मात्र फॉग लॅम्पवर आहे. एसीचा प्रेशर सेन्सर बहुतेक गाड्यांत पुढे, कंडेन्सरच्या बाजूला असतो आणि त्याची वायर जाळीच्या मागून जाते. ब्रॅकेटचा स्क्रू मारताना किंवा ॲक्सेसरीवाल्याने चिमट्याने वायरींची जुडी बांधताना ती दाबली गेली असेल. खड्ड्यात गाडी आपटली की वायर पत्र्याला टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तुमचा सुरुवातीचा 'कधीतरी झटका' हाच. बंपर खोलून तो हातभर भाग आधी डोळ्याने बघा. अडतीस हजारांच्या जागी इन्सुलेशन टेपवर भागलं तर उरलेले पैसे कुठे घालायचे ते तुम्हाला सांगायला नको.

ईसीएम कधी जातच नाही असं मी म्हणत नाही. पी ०६०१, पी ०६०४, पी ०६०५, पी ०६०६ हे कोड त्याच्या स्वतःच्या मेमरीचे आणि प्रोसेसरचे. तेसुद्धा बॅटरी उतरलेली असताना आले तर आधी बॅटरी ठीक करून पुन्हा बघायचं. ईसीएम मरायची कारणं ठरलेली असतात. पुराचं पाणी कपलरमध्ये शिरून पिना हिरव्या पडतात. २०१९च्या पुरानंतर सांगली-कोल्हापुरात भिजलेल्या गाड्या त्या वेळी वाळवून चालू झाल्या, पण वायरीतून चढलेला गंज पुढे कितीतरी महिन्यांनी बाहेर आला. दुसरं कारण, बॅटरी न सोडता बॉडीला केलेलं वेल्डिंग. तिसरं, जंप स्टार्टच्या तारा उलट्या जोडणं.

कुठलाही ईसीएम काढायच्या आधी त्याला मिळणारा करंट आणि त्याचं अर्थिंग तपासा, आणि नुसत्या मीटरने नको. मीटर जवळजवळ करंट ओढत नाही, त्यामुळे एका धाग्यावर लटकलेली वायरसुद्धा बारा व्होल्ट दाखवते. ईसीएमच्या कपलरवर येणारा पॉझिटिव्ह आणि अर्थ यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा. लख्ख पेटला तर पुरवठा ठीक. मिणमिणला तर रोग वायरीत. आणि भंगारातून जुना ईसीएम स्वस्तात आणून लावू असं कुणी म्हणालं तर विचारा, इमोबिलायझरचं काय? चावीतली चिप आणि ईसीएम यांची जोडी जमलेली असते. जुना ईसीएम तुमची चावी ओळखणार नाही. सेल्फ फिरेल, गाडी सुरू होणार नाही. तुमच्या मूळ ईसीएमचा डेटा आणलेल्यात उतरवणारे कारागीर आहेत, पण त्याचा खर्च आधी विचारून ठेवा.

प्रश्न: सेकंडहँड गाडी बघतोय, २०१२ची एक आणि २०१८ची एक. हजार-बाराशेचा ब्लूटूथ स्कॅनर घेऊन गेलो तर काही कळेल का? — नांदेड

उत्तर: कळेल, आणि विकणाऱ्याला जे दाखवायचं नाही नेमकं तेच कळेल. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास सोळा पिनांचं सॉकेट असतं, तिथे तो लागतो. आपल्याकडे बीएस-४ १ एप्रिल २०१०ला तेरा शहरांत आलं, त्यात मुंबई, पुण्याबरोबर सोलापूरही होतं. त्याच्यासोबत ओबीडीचा (गाडीने आपले दोष स्वतः तपासून नोंदवायच्या व्यवस्थेचा) पहिला टप्पा आला, एप्रिल २०१३पासून दुसरा. बाकी देशात बीएस-४ पोचायला २०१७ उजाडलं. म्हणून २०१२च्या गाडीत सॉकेट असलं तरी स्वस्त स्कॅनर बोलेलच असं नाही. २०१८च्या गाडीशी बोलायला हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका. सौदा दाखवायच्या आदल्या संध्याकाळी कोड उडवून ठेवणं हा या धंद्यातला जुना खेळ आहे. ॲपमध्ये 'रेडीनेस' किंवा 'मॉनिटर' नावाचं पान असतं ते उघडा. मिसफायर, फ्युएल सिस्टीम, कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर अशा यंत्रणांची कंप्युटर स्वतः चाचणी घेतो आणि झाली की त्यापुढे पूर्ण झाल्याची खूण करतो. कोड उडवला की या सगळ्या खुणा पुसल्या जातात आणि परत यायला काही दिवसांचं चालवणं लागतं. गाडी रोज वापरात आहे असं मालक सांगतोय आणि चार-पाच चाचण्या अपूर्ण दिसताहेत, तर विचारा: बॅटरी बदलली का? बदलली असेल तर बिल दाखवा. नसेल तर चार दिवसांनी पुन्हा येतो म्हणून सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

'पेंडिंग' कोडही बघा. एका फेरीत दिसलेला पण अजून दिवा न लावलेला दोष तिथे सापडतो. घरी आल्यावर स्कॅनर सॉकेटमध्ये लावून ठेवू नका. सोळा नंबरच्या पिनवर चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो. गाडी महिनाभर उभी राहिली तर सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतील.

प्रश्न: बीएस-६ डिझेल गाडी, घर ते ऑफिस चार किलोमीटर. पी २४६३ येतो, डीपीएफ भरला म्हणतात. एकाने डीपीएफ काढून सॉफ्टवेअर मारून देतो, कटकट संपेल असं सांगितलंय. — ठाणे

उत्तर: कटकट संपणार नाही, फक्त तिचं खातं बदलेल. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. भरत आला की इंजिन धूर सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापवून ती काजळी जाळतं. तुमच्या चार किलोमीटरमध्ये सायलेन्सर नीट तापतसुद्धा नाही. जाळणं सुरू होतं, तुम्ही पार्किंगमध्ये गाडी बंद करता. असं वारंवार झालं की जाळण्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा, ऑइलची पातळी वर चढलेली असेल तर आधी ऑइल बदला.

पी २४६३ म्हणजे काजळी प्रमाणाबाहेर साठलीय. गाडी अजून लिंप मोडमध्ये गेली नसेल तर रविवारी पहाटे नाशिक हायवेला काढा, अर्धा तास एकसारखं, आरपीएम दोन हजारांच्या वर राहील असा एक गिअर खाली ठेवून चालवा. भागलं नाही तर स्कॅनरने जबरदस्तीचं रीजनरेशन करून घ्यायचं, तेही मोकळ्या जागेत आणि खाली वाळलेलं गवत नसताना. मात्र ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय का, इंजेक्टर टपकतोय का, टर्बोचा पाइप फुटलाय का हे न बघता नुसतं रीजनरेशन करत राहिलात तर महिन्याने पुन्हा तेच. काजळी कशामुळे वाढतेय, हे विचारा.

डीपीएफ काढणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये बसत नाही असा बदल, शिवाय वॉरंटी गेली. आणि खरं सांगायचं तर चार किलोमीटरसाठी डिझेल गाडी घ्यायलाच नको होती, पण ते शोरूममध्ये कोण सांगणार.

प्रश्न: आमच्याकडे इन्स्पेक्शनच्या आधी नवी बॅटरी टाकली. दिवा नव्हता, तरी 'नॉट रेडी' म्हणून नापास. पंधरा दिवसांनी दिवा लागला, पी ०४२०. गाडी २०२०ची, बासष्ट हजार मैल. मेकॅनिक कन्व्हर्टर बदला म्हणतो, दोन हजार डॉलर. तुमचा अंक आई पाठवते, म्हणून विचारतो. — एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: आईंना नमस्कार सांगा. आपल्या पीयूसीत सायलेन्सरात नळी घालून धूर मोजतात, कोडकडे कुणी ढुंकून बघत नाही. तुमच्याकडे कंप्युटरलाच साक्षीला बोलावतात. बॅटरी सुटली की वर नांदेडच्या वाचकाला सांगितलेल्या खुणा पुसल्या जातात. २००१ आणि नंतरच्या पेट्रोल गाडीत साधारणतः एकच मॉनिटर अपूर्ण चालतो. पुन्हा जायच्या आधी आठवडाभर थंड इंजिनापासून सुरुवात, थोडं आयडलिंग, थोडं गावातलं, थोडं हायवेचं एकसारख्या वेगाचं असं चालवा आणि टाकी अर्धी ठेवा. पूर्ण भरलेल्या किंवा रिकाम्या टाकीवर पेट्रोलच्या वाफांची चाचणी होतच नाही.

पैसे देण्याआधी एक गोष्ट. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिनचा कंप्युटर यांना ८ वर्षं किंवा ८०,००० मैल, जे आधी होईल तोवर, वॉरंटी असते. मूळ विक्रीची तारीख काढा आणि थेट डीलरकडे जा.

पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टर धूर पुरेसा साफ करत नाही अशी तक्रार. तरीही डीलरला हे विचारा: कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचा आलेख कसा आहे? कन्व्हर्टर ठणठणीत असेल तर तो ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास सपाट चालतो. सारखा वर-खाली नाचत असेल तर कन्व्हर्टर दमलाय. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या जोडात गळती असेल तरीही तो नाचतो, म्हणून गॅस्केट आधी बघायला लावा. आणि गाडी ऑइल पीत असेल किंवा मिसिंग मारत असेल तर ते मिटवल्याशिवाय नवा कन्व्हर्टर घालू नका, तोही जाईल.

प्रश्न: काका, माझी स्कूटर पावसात घसरून आडवी पडली. मला काही झालं नाही. उचलून सेल्फ मारला तर इंजिन फिरतं पण सुरू होत नाही, पिवळा दिवा लागलेला. पाणी गेलं असेल का? — कॉलेजची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: तुला लागलं नाही हे आधी बरं झालं. बऱ्याच इंजेक्शनवाल्या दुचाकींत गाडी किती कलली ते मोजणारा सेन्सर असतो. गाडी आडवी झाली की पेट्रोल पंप आणि ठिणगी तो बंद करतो, आगीचा धोका नको म्हणून. गाडी सरळ उभी कर, चावी पूर्ण बंद कर, थोडं थांब, मग ऑन कर. सीटखालून पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकू आली की सेल्फ मार. साइड स्टँड वर आहे ना तेही बघ, काही मॉडेलांत त्याचा स्विच वाकला तरी हीच बोंब.

सुरू झाली तर दिवा लगेच जाणार नाही, दोष पुन्हा दिसला नाही की काही फेऱ्यांनी आपोआप जातो. नाही सुरू झाली तर दिव्याकडे नीट बघ. काही कंपन्यांच्या गाड्या मिचकावून कोड सांगतात. लांब मिचकावणी म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक, असा एक प्रकार आहे. चावी ऑन करून दिव्याचा व्हिडिओ काढ आणि गॅरेजवाल्याला पाठव, म्हणजे गाडी न्यायला येताना तो कुठला सेन्सर बघायचा ते ठरवूनच येईल.